गुरुवारच्या सह्या

१२ जानेवारी

तीर्थरूप मावशीस,

नमस्कार. फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरून घेतेस. मागच्या वेळी मी नोकरी बदलली असं सांगितलं, आणि तू आईला माझं लग्न ठरल्याचं कळवलंस! आई दोन दिवस हवेत होती. म्हणून आता सगळं लेखी.

तर ऐक. वॉर्डात नर्स म्हणून नऊ वर्षं काढली, आता गुडघे बोलायला लागले. मी एका सौंदर्याच्या क्लिनिकमध्ये लागले आहे. तळमजल्यावर, काचेचा दरवाजा, पांढरा सोफा, आणि आत बटण दाबलं की आडवी होणारी खुर्ची. भिंतीवर घड्याळ नाही. गिऱ्हाइकाला वेळ जातोय असं वाटू नये म्हणून मालकीणबाईंनी ते काढून टाकलं. त्यांना सगळे 'मॅडम' म्हणतात. त्या डॉक्टर नाहीत, पूर्वी ब्यूटी पार्लरं चालवायच्या, पण पांढरा कोट घालतात आणि त्यांना तो शोभतो. डॉक्टर आहेत एक. मोठे सर्जन आहेत, गुरुवारी येतात.

मी दोन दिवसांचा कोर्स केला. ओठ, गाल, कपाळ, नाक. सर्टिफिकेट फ्रेम करून बाहेर लावलंय. आता मी सुरकुत्यांची इंजेक्शनं देते आणि फिलर भरते. फिलर म्हणजे कातडीखाली भरायचं जेल, चेहऱ्यावरचे खळगे बुजवायला. बेडपॅन नाही, ओरडणारे नातेवाईक नाहीत. बायका येतात, आरशात बघतात, खूश होऊन जातात. मॅडम म्हणतात माझा हात हलका आहे. तो कोणी घडवला ते मी त्यांना सांगितलंय.

तुझी,
खारू

१९ जानेवारी

प्रिय खारूताईस अनेक आशीर्वाद.

हात हलका आहे हे मला सांगू नकोस. पहिल्या वर्षी टोचण्याचा सराव करताना तू संत्र्यात सुई मोडली होतीस, ते संत्रं मी टाकलं होतं.

आईला सांग, लग्नाचं मी ऐकलं नव्हतं, माझी इच्छा बोलून दाखवली होती.

आता कामाचं. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात ते उगाच नाही. तू नोंदणी झालेली नर्स आहेस, म्हणून तुला सुई धरता येते, पण कोणाला, काय आणि किती टोचायचं हे ठरवण्याचा अधिकार तुला नाही. दोन दिवसांच्या कोर्सने तो येत नाही. फ्रेम सोन्याची केलीस तरी येत नाही. नियम साधा आहे. डॉक्टरने त्या माणसाला समोर बसवून तपासायचं, त्याच्या नावाने लेखी ऑर्डर द्यायची, मग तू टोचायचंस, आणि काही बिघडलं तर डॉक्टर धावत येईल इतका जवळ असायचा. यातलं एक जरी नसेल तर ते औषध देणं राहत नाही, नुसतं भोसकणं होतं. नर्सिंग कौन्सिल नोंदणी काढून घेते, आणि ती गेली की तू वॉर्डातही उभी राहू शकत नाहीस.

मला तीन गोष्टी कळव. तपासतं कोण? सुई आत जाते तेव्हा इमारतीत डॉक्टर असतो का? आणि फ्रिजमध्ये ते जेल विरघळवणारं औषध आहे का? नाकाच्या रक्तवाहिन्या थेट डोळ्याशी जोडलेल्या असतात. जेल चुकून त्यांत गेलं तर तुझ्या हातात तासभरही नसतो.

कागदावर तपासणीची वेळ, डॉक्टरची सही, औषधाचा बॅच नंबर, मात्रा, कुठे टोचलं, पेशंटची सही, हे सगळं पाहिजे. माझं वॉर्डातलं वाक्य विसरली नसशील, कागद कोरा सोडायचा नाही.

मावशी

२ फेब्रुवारी

ती. मावशीस,

तुझं पत्र मॅडमना वाचून दाखवलं. (संत्र्याचं सोडून.) त्या इतक्या खूश झाल्या की काय सांगू! म्हणाल्या, "अशी एक बाई आपल्याकडे आधीच पाहिजे होती." त्यांनी तू लिहिलेल्या क्रमानेच छापील फॉर्म करून घेतला. तपासणीची वेळ, सही, बॅच नंबर, मात्रा, सगळं. गुळगुळीत कागद, वर क्लिनिकचं चिन्ह. तुझ्या हातचा फॉर्म म्हणेनास! मागच्या आठवड्यात आरोग्य खात्याचा माणूस येऊन गेला. पाच फॉर्म चाळले आणि म्हणाला, इतके नीट कागद आम्ही मोठ्या हॉस्पिटलात पाहिले नाहीत.

तुझ्या प्रश्नांचं म्हणशील तर तपासणी डॉक्टरांचीच असते, प्रत्येक फॉर्मवर त्यांची सही आहे. एरवी ते फोनवर असतात. सह्यांचं काम ते गुरुवारीच उरकून घेतात, म्हणजे आठवडाभर अडत नाही.

आईची तब्येत बरी आहे. तुझ्यासाठी स्वेटर विणते आहे, बाह्या एकसारख्या होतील अशी आशा ठेवूया.

खारू

९ फेब्रुवारी

खारू,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. सह्या गुरुवारी आणि सुया रोज? मंगळवारी येणाऱ्या बाईला गुरुवारी तपासतात कसे? म्हणजे कोऱ्या फॉर्मांच्या गठ्ठ्यावर सह्या करून ठेवतात आणि वरचं सगळं तू भरतेस, असंच ना? नाही म्हणायचं असेल तर स्पष्ट नाही म्हण.

आणि तीन प्रश्न विचारले, तू दोनच घेतलेस. फ्रिजचं काय?

इथे पाणी मुरतंय. मी तुला फॉर्म भरायला शिकवत नव्हते, बाई नीट राहील ते शिकवत होते. तुझ्या मॅडमनी माझ्या शब्दांचं पांघरूण करून घेतलं. त्या डॉक्टरचं काही जाणार नाही, सही खरी आहे आणि वरची खोटी वेळ तुझ्या अक्षरात आहे. मॅडम तर नुसत्या कोटात आहेत, त्या कुठल्याच नियमात बसत नाहीत. राहिलं कोण?

उद्या जाऊन सांग की डॉक्टर हजर असेल त्या दिवशीच टोचेन. ऐकलं नाही तर सोडून ये. माझ्या नर्सिंगच्या पस्तीस वर्षांत मी असा एक कागद भरला नाही.

मावशी

२७ फेब्रुवारी

ती. मावशीस,

उशीर झाला, राग आला होता म्हणून. तू नेहमी सगळं वॉर्डाच्या दारातून बघतेस. इथे कोणी आजारी नसतं. कोणी मरायला टेकलेलं नसतं. एकीला ओठ हवे असतात, दुसरीला गाल. डॉक्टरांनी त्यांना तपासून काय नवीन कळणार?

आणि तू तरी काय शिकवलंस? "डॉक्टरांची वेळ आपण भरायची, कागद कोरा सोडायचा नाही." मी नवी होते, तू माझ्यामागे उभी राहून ते भरून घ्यायचीस. आता तेच करते तर मी चोर?

मॅडमशी बोलले, तू म्हणतेस म्हणून. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुला भीती वाटत असेल तर हरकत नाही, कोर्स केलेल्या आणखी दोघी रांगेत आहेत." फ्रिजमध्ये सध्या मॅडमचं ताक, पाण्याच्या बाटल्या आणि आमची औषधं आहेत. तू म्हणतेस ते मागवलंय, येईल.

एक गंमत सांगते. एक बाई येते, शाळेची बस चालवते. धिप्पाड, मोठ्याने हसणारी. लहानपणी पडून नाकाचं हाड मोडलं होतं, तिथे खाच आहे. म्हणते, "चाळीस पोरं रोज आरशातून माझं नाक बघतात सिस्टर, जरा सरळ करा." बारा वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही, असं अभिमानाने सांगते. पुढच्या आठवड्यात तिचं करते.

रागावू नकोस.

खारू

२० मार्च

खारू,

तीन आठवडे झाले, पत्र नाही. तुझी आई शेजारच्या मुलीकडून लिहवून घेते की तू जेवत नाहीस, दिवसातून दहा वेळा हात धुतेस आणि फोन वाजला की गॅलरीत जातेस. तिला वाटतं कोणाच्या प्रेमात पडलीस. मला तसं वाटत नाही.

काय झालं ते लिही.

मावशी

२९ मार्च

ती. मावशीस,

काळजी करू नकोस. एका पेशंटला थोडी सूज आली होती, उतरली. काम जास्त आहे म्हणून लिहायला जमलं नाही. आईला काहीही वाटतं.

कागद पूर्ण आहेत सगळे.

सहज विचारते, तुझ्या डोळ्यांच्या वॉर्डातल्या अनुभवावरून. एका डोळ्याचं दिसणं अचानक गेलं आणि तीन आठवडे झाले, तर पुढे परत येतं का? थोडं तरी? उजेड-अंधार कळण्याइतकं?

आईचा स्वेटर झाला. एक बाही लांब आहे.

खारू

३ एप्रिल

नाही येत.

कोणाचा डोळा, खारू? त्या बसवालीचा ना? सगळं लिही. काही लपवू नकोस आणि मला जपूही नकोस. मी म्हातारी आहे, काचेची नाही.

मावशी

१० एप्रिल

मावशी,

तिचाच.

चार मार्चला आली. बुधवार होता. मी गठ्ठ्यातला सही केलेला फॉर्म काढला, तिची सही घेतली. मॅडम कोट घालून आत आल्या, तिची हनुवटी धरून चेहरा इकडेतिकडे वळवला आणि म्हणाल्या, "छान होईल." मी सुई घातली. नाकाच्या मध्यावर, कोर्समध्ये दाखवलं होतं तिथेच. थोडं जेल गेलं असेल नसेल, तोच ती म्हणाली, "सिस्टर, डावीकडचा दिवा घालवलात का?"

दिवा चालू होता.

नाकाची कातडी माझ्या डोळ्यांसमोर पांढरी पडली, कपाळापर्यंत. मग जांभळी जाळी उठली. तिने खुर्चीचे हात घट्ट धरले. मी ओरडले, औषध! आणि ओरडतानाच मला माहीत होतं की फ्रिजमध्ये ते नाही. डॉक्टरांना फोन लावला. दुसऱ्याच कोणीतरी उचलला, म्हणाला, डॉक्टरांचे हात ऑपरेशनमध्ये आहेत, दीड तास लागेल. मी म्हटलं, हिला आत्ताच्या आत्ता डोळ्यांच्या हॉस्पिटलात नेऊ. मॅडमनी दार लावून घेतलं. बाहेर सोफ्यावर दोघी बसल्या होत्या. म्हणाल्या, "गरम फडकं ठेव, होतं असं कधीकधी. आणि तोवर कागद पूर्ण कर."

आणि मी केला, मावशी. ती तिथे डोळ्यावर फडकं घेऊन पडली होती, मला विचारत होती, "येईल ना हो?" आणि मी बाजूला उभी राहून लिहीत होते. 'डॉक्टरांनी तपासले, अकरा वाजून दहा मिनिटे.' अक्षर जराही हललं नाही. वेळ हातातून जात होता आणि भिंतीवर बघायला घड्याळ नव्हतं. फडकं तीनदा बदललं. शेवटी मॅडमना ढकलून मीच तिला रिक्षात घातलं. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा पावणेदोन तास झाले होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात बघितलं आणि मला बाहेर बोलावून एवढंच विचारलं, "इतका वेळ कुठे होतात?"

आता कौन्सिलची नोटीस आली आहे. हॉस्पिटलनेच कळवलं. सत्तावीस तारखेला सुनावणी आहे. डॉक्टर म्हणतात, मी सही विश्वासाने केली होती, पुढचं सिस्टरने भरलं. अकरा दहाला ते दुसरीकडे ऑपरेशन करत होते, हे तिथल्या रजिस्टरात आहे. मॅडमचा वकील म्हणतो, मी एवढंच सांगायचं की डॉक्टर आदल्या गुरुवारी तिला तपासून गेले होते आणि तारीख-वेळ लिहिताना माझी चूक झाली. हातून झालेली चूक म्हणून सहा महिने नोंदणी थांबेल, मग परत मिळेल. डॉक्टर, मॅडम, मी, सगळे वाचतात.

तिची बस दुसऱ्याला दिली आहे. एका डोळ्याने मोठी गाडी चालवायचा परवाना मिळत नाही.

काय करू? तू सांगशील ते करेन.

खारू

१६ एप्रिल

माझ्या बाळा,

वकील सांगतो तेच बोल.

हे माझं अक्षर आहे, शंका घेऊ नकोस. तू विचारलंस, मी सांगते. डॉक्टर गुरुवारी तपासून गेले होते, वेळ लिहिताना चूक झाली, संपलं. माझी सगळी पत्रं जाळ. त्यात मी तुला नियम सांगितलेत, तारखेसकट. ती कोणाच्या हाती लागली तर तुला अजाण म्हणायची सोय राहणार नाही. तुझी मी चुलीत घातली.

फेब्रुवारीत मी लिहिलं होतं की असा कागद मी कधी भरला नाही. खोटं लिहिलं. तू आठवण करून दिलीस तेव्हा मला तुझाच राग आला, आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, तसं केलं मी. आमच्याकडे रविवारी डॉक्टर यायचे नाहीत. आम्ही टोचायचो आणि सोमवारी ते येऊन सही करायचे, त्यांची रविवारची वेळ मी आधीच घालून ठेवायचे. वर्षानुवर्षं. एका रविवारी एका म्हाताऱ्या शिंप्याला मी दुप्पट मात्रा दिली. तो दुपारी गेला. कागद पूर्ण होता, म्हणून कोणी काही विचारलं नाही. त्याचा मुलगा जाताना माझ्या पाया पडला. ते पाय घेऊन मी अजून चालते आहे.

मला कोणी धरलं नाही, मग तुलाच का धरावं? तुझी आई आहे, पुढचं सगळं आयुष्य आहे. त्या बाईचा डोळा खरं बोलून परत येणार नाही. सहा महिने इथे माझ्याकडे येऊन राहा. मला जन्मात पहिल्यांदा कोणाची विनवणी करायची वेळ आली आहे, ती तुझी करते. जाळ ती पत्रं.

मावशी

२६ एप्रिल

मावशी,

पत्र काल मिळालं. रात्रभर उशाशी होतं. तुला दोष द्यावा असं एकदाही मनात आलं नाही, रडू मात्र खूप आलं. तू घाबरलीस हे पहिल्यांदाच पाहिलं.

मी वकिलाचंच ऐकायचं ठरवलं होतं. तुझं पत्र येण्याआधीच. आज सकाळी तुझी पत्रं काढून मोरीत ठेवलीसुद्धा होती, काडेपेटी हातात होती, तेवढ्यात दारावर थाप पडली.

ती होती. बसने आली होती, मागच्या सीटवर बसून. हॉस्पिटलातून माझा पत्ता मिळवला म्हणाली. मला वाटलं आता ही माझे केस धरणार, आणि धरले असते तर बरं झालं असतं. पण तिने पिशवीतून त्या फॉर्मची प्रत काढली. परिवहन खात्याला कागद द्यायचे आहेत, बसऐवजी ऑफिसात काही काम मिळतं का बघायला. डोकं एका बाजूला वळवून तिने तो कागद धरला आणि म्हणाली, "सिस्टर, मला तुमच्याशिवाय कोणी ओळखीचं नाही तिथलं. त्या दिवशी तुम्हीच तेवढ्या धावलात. तुम्ही एवढं लिहून द्याल का, की त्या कोटातल्या डॉक्टरीणबाईंनी मला नीट तपासलं होतं? आमचे साहेब म्हणतात, तपासणी झाली नसेल तर मीच बेजबाबदार ठरते."

मी तिला आत बसवलं. आईने पाणी दिलं. मी सांगितलं की त्या डॉक्टर नाहीत.

"मग ही सही?"

मी म्हटलं, सही डॉक्टरांची आहे, पण ती सहा दिवस आधीची आहे, कोऱ्या कागदावरची. बाकी सगळं अक्षर माझं आहे.

"मग मला तपासलं कोणी?"

"कोणीच नाही."

तिने त्या कागदाची घडी घातली. आई दारात उभी होती, तिचा हात तोंडावर गेला होता. मग त्या बाईने मला विचारलं, "असं चालत नाही, हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

मावशी, मला नाही म्हणता आलं असतं. मोरीत काडी लावायचीच बाकी होती. मी हो म्हणाले. म्हटलं, मला दीड महिना आधी लेखी कळवलेलं होतं, माझ्या मावशीने, तारखेसकट. आणि उठून तुझी पत्रं आणून तिच्यासमोर ठेवली. उद्या दहा वाजता हीच कौन्सिलपुढे ठेवणार आहे. शिंप्याचं शेवटचं पत्र तेवढं माझ्याकडेच राहील, ते पुढे कधी कोणाला दाखवायचं की नाही हे तू ठरव. माझी नोंदणी जाईल, कायमची, हे मला कळतं. डॉक्टरांच्या गठ्ठ्याबद्दलही याच पत्रांत आहे, म्हणून ते दोघंही सुटायचे नाहीत. आईला सगळं सांगितलं. ती अजून माझ्याशी बोललेली नाही.

त्या बाईने पत्रं वाचली नाहीत. इतकं बारीक वाचलं की डोकं दुखतं म्हणाली. हातातला ग्लास ठेवायला तिने हात पुढे केला आणि टेबल आहे त्याच्या चार बोटं अलीकडेच तो सोडला. ग्लास फुटला, पाणी माझ्या पायांवर आलं. ती लगेच खाली वाकली, चाचपत काचा गोळा करायला लागली आणि मला म्हणाली, "माफ करा हं सिस्टर, अजून अंदाज येत नाही."

खारू